तक्रार विभागप्रमुखांमार्फत यावी

राऊ गावाजवळच्या आमच्या खासगी विद्यापीठात एक तक्रार समिती होती आणि तिची सचिव मी होते. नियमाप्रमाणे समितीत बायका लागतात. मी बाई होते आणि माझं अक्षर बरं होतं, एवढी पात्रता पुरली. तीन वर्षांत एकही तक्रार आली नाही, म्हणून दरवर्षी माझं कौतुक व्हायचं.

मग मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी आली. पिथमपूरच्या एका कारखान्यात सहा महिन्यांचं ट्रेनिंग असायचं आणि तिथून बहुतेकांना थेट नोकरी लागायची. वर्गात ही पहिली; यादीत मात्र आठच्या आठ मुलगे. विभागप्रमुखांनी तिला तोंडावर सांगितलं होतं, कारखान्यात मुलीची जबाबदारी कोण घेणार? सरांना मुलींची फार काळजी. नोकरीचासुद्धा वारा लागू देत नसत.

तिने अर्ज मुद्देसूद लिहिला होता. मी तो वाचला, हळहळले आणि परत दिला. त्यावर विभागप्रमुखांची सही नव्हती. आमच्याकडे रजेचा अर्ज असो की बंद पंख्याचा, तो विभागप्रमुखांमार्फतच यायचा. हा अर्ज त्यांच्याच विरुद्ध आहे, ही किरकोळ बाब माझ्या डोक्यात शिरलीच नाही.

पोरगी गेली सही मागायला. सर पुतणीच्या लग्नाला गेलेले. परत आल्यावर त्यांनी अर्ज ‘अभ्यासासाठी’ ठेवून घेतला. मी अर्ज परत दिल्यापासून बाराव्या दिवशी सही झाली, शिक्का बसला, वर शेराही मिळाला: ‘छात्रा होनहार है, किंतु भावुक है।’ स्वतःविरुद्धची तक्रार इतक्या मोठ्या मनाने पुढे पाठवणारा माणूस विरळाच.

बैठकीला आधी पोहे-जिलबी आली. मग कुलसचिवांनी समजावलं की आपण सरकारी अनुदान घेत नाही, तेव्हा भेदभावाविरुद्धचे हे नियम आपले नव्हेत. कुणीतरी मुलीच्या वडिलांना बोलावून समझोता करायचं सुचवलं. ती बावीस वर्षांची होती, पण आमच्या समितीला घरचं मोठं माणूस लागतंच. मुलीने फाइलमधून नियमांची छापील प्रत काढली. खासगी विद्यापीठंही त्यात येतात, हे वाचून दाखवलं. समझोता तक्रार करणारीने मागितला तरच, हेही दाखवलं. मग ती माझ्याकडे वळली.

“मॅडम, ही सरांच्या सहीवाली बात यात कुठे लिहिलीय? जरा दाखवा ना.”

मी पानं उलटली. सचिव झाल्यापासून पहिल्यांदाच. तसं कुठेही लिहिलेलं नव्हतं.

निकाल तिच्या बाजूने लागला: यादी भेदभावाची आहे, तिला जागा द्यावी. मी लगेच कारखान्यात फोन केला. बॅच चार दिवसांपूर्वीच सुरू झाली होती, मधेच कुणाला घेत नाहीत, पुढची दिवाळीनंतर. तोवर तिचं कॉलेज संपलेलं असणार होतं, आणि जागा फक्त शिकणाऱ्यांसाठी होती.

मी तिला बोलावून हे सांगितलं. वर, तत्त्वतः तू जिंकलीस, असंही म्हणाले. म्हणताना माझीच मला लाज वाटली. तिने निकालाचा कागद वाचला, फाइलीत ठेवला.

“सरांना मना करायला एकच दिन लागला, मॅडम,” ती शांतपणे म्हणाली. “बाकी बारा दिन तर तुम्ही घेतले.”