चष्म्यासोबत एक सिनेमा

चष्म्याच्या दुकानातल्या बाईंना माणसांची शिसारी यायची, पण ती त्यांच्या डोळ्यांमुळे नव्हे. डोळे गरीब असतात, असं त्या म्हणायच्या. दिसत नसेल तर सरळ नाही म्हणतात. थापा मारतं ते तोंड.

अठरा वर्षं त्या एकाच काउंटरमागे उभ्या होत्या. नंबर काढायचा, कारागिराकडून काचा बसवून चष्मा आला की यंत्राखाली धरून तपासायचा, पाकिटावर सही ठोकायची आणि चष्मा गिऱ्हाइकाच्या नाकावर चढवायचा. एवढं कुठल्याही दुकानात होतं. बाईंचं निराळं काम त्यापुढे सुरू व्हायचं. नंबराच्या कार्डामागे त्या एका सिनेमाचं नाव लिहून द्यायच्या. परदेशी, खाली भाषांतराच्या ओळी सरकणारा, आणि शक्यतो कुणाच्या कानावर न आलेला.

"घरी टीव्हीवर लावा," त्या सांगायच्या. "दहा फुटांवर बसा आणि दोन तास ओळी वाचा. डोकं दुखलं, अक्षरांना सावली दिसली तर परत या. नाही दुखलं तर एक चांगला सिनेमा फुकटात पदरात पडला."

युक्ती हुशारीची होती, आणि तिच्यात बाईंचा थोडा स्वार्थही होता. असल्या सिनेमांचं त्यांना वेड होतं आणि त्यावर बोलायला घरात सासूबाईंशिवाय कुणी नव्हतं. सासूबाई भुताचा सिनेमा वाटाणे सोलत बघायच्या आणि मध्येच म्हणायच्या, "या भुताला काही कामधंदा दिसत नाही." पण निदान बघायच्या तरी, शेवटची पाटी सरकून जाईपर्यंत.

गिऱ्हाइकांची तऱ्हा वेगळी. पाण्याचे मीटर वाचत फिरणारी एक बाई, बंद घराचा मीटर दर महिन्याला पुढे सरकलेला पाहून खुनाचा छडा लावते, असा एक सिनेमा होता. बाईंनी तो तीनदा पाहिला होता. बँकेतल्या एका मॅडमना त्यांनी तो मोठ्या मायेनं लिहून दिला. मॅडम आठवड्यानं आल्या आणि म्हणाल्या, "छान होता हो. आम्ही दीडपट वेगानं लावला. तिकडची माणसं फार हळू चालतात."

बाईंच्या मनात आलं: चार महिने खपून कुणीतरी ती मीटरवाली जिना चढताना टिपली असेल, आणि या तिला पळवत वर नेतात. कुणी ओळी बंद करून डबिंग लावायचं. कुणी मोबाइल चाळत अधूनमधून टीव्हीकडे बघायचं आणि वर "त्यात हिरो नक्की कोण होता?" असं विचारायचं. संध्याकाळी घरी जाऊन बाई सासूबाईंना सगळं सांगायच्या, तेव्हा त्यांचं स्वतःचं तोंड एरंडेल प्याल्यासारखं व्हायचं.

"मग देतेस कशाला लिहून?" सासूबाई म्हणायच्या.

"एखादा तरी बघेल म्हणून."

अशात एका दुपारी बसवाले दादा आले. चौदा वर्षं शहरातल्या बसवर ड्रायव्हर. आठ दिवसांपूर्वी नवा चष्मा घेऊन गेले होते आणि आता डेपोचा छापील फॉर्म घेऊन आले होते. चष्म्यासह गाडी चालवण्यास योग्य की अयोग्य, एवढंच त्यावर लिहायचं आणि खाली बाईंची सही. सही असेल तर उद्या सकाळी गाडी हातात, नसेल तर घरी.

दादांनी भिंतीवरचा तक्ता वरपासून खालपर्यंत धडाधडा वाचला. बाईंनी पेन उघडलं.

"सिनेमा पाहिलात?"

"एकदम फर्स्टक्लास, ताई. एक ओळ सोडली नाही."

"डोकं?"

"छे. आणि शेवट काय होता. आत अडकलेला तो माणूस काय एकेक वाक्य बोलतो. वाचताना काटा आला अंगावर."

बाईंचा हात थांबला. दादांना त्यांनी बोगद्याचा सिनेमा दिला होता. खोदणाऱ्या मजुरांना पलीकडून कुणीतरी ठोकत असल्याचा आवाज येतो. त्यातली शेवटची पंचवीस मिनिटं कुणी एक शब्द बोलत नाही. पडद्यावर एकही ओळ येत नाही. फक्त ठोकणं.

"दहा मिनिटांत सिनेमा सांगणारा कुणाचा तरी व्हिडिओ पाहिलात ना?" त्यांनी विचारलं.

दादा फॉर्मची घडी घालू लागले. "वेळ कुठे असतो, ताई."

बाईंना इतका वीट आला की सही करून हा माणूस आधी समोरून घालवावा, असं वाटलं. एक थापाड्या कमी. त्यांनी फॉर्म ओढून सरळ केला, पेन टेकवलं, आणि मग निव्वळ खुनशीपणानं बाजूला ठेवलं. फ्रेमच्या जाहिराती दाखवणाऱ्या दुकानातल्या टीव्हीवर त्यांनी बोगद्याचा सिनेमा लावला.

"बसा त्या बाकावर. मोठ्यानं वाचा."

"इथे?"

"इथेच. एक ओळ सोडत नाही म्हणालात."

पहिली ओळ आली आणि गेली. दुसरी दादांनी अर्धी वाचली, तीही अंदाजानं. तिसऱ्या ओळीला त्यांनी मान डाव्या खांद्याकडे कलती केली. मग उजवीकडे. बाई बघत होत्या. मान कलती करून वाचणारा माणूस आळशी नसतो. त्याच्या काचेतल्या नंबराचा कोन चुकलेला असतो.

"तक्ता पाठ आहे का तुम्हाला?"

दादांनी चष्मा नाकावर सारखा केला. मग म्हणाले, "चौदा वर्षं तोच तक्ता आहे, ताई. कधी बदललात तुम्ही?"

"आणि सिनेमा?"

"लावला होता. खरंच लावला होता. पंधरा मिनिटांत कपाळ ठणकायला लागलं. प्रत्येक अक्षराला तिरकी सावली. मला वाटलं, गेले डोळे. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही अयोग्य लिहिलं असतं."

बाईंनी चष्मा त्यांच्या नाकावरून काढला आणि यंत्राखाली धरला. डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसली होती आणि उजव्याची डावीकडे. दोन्हींचा नंबर सारखा, कोन मात्र एकमेकांच्या उलट. त्यांनी खणातून दादांच्या चष्म्याचं पाकीट काढलं. 'तपासले' या शब्दापुढे त्यांचीच सही होती, ठसठशीत.

तो दिवस त्यांना लख्ख आठवला. बँकेतल्या मॅडम त्याच दिवशी आल्या होत्या. दीडपट वेग या विषयावर बाई पाऊण तास तावातावानं बोलत होत्या, आणि बोलता बोलताच त्यांनी समोरच्या पाकिटांवर सह्या केल्या होत्या. चष्मा यंत्राखाली गेलाच नव्हता. न बघता शेरा मारणाऱ्यांचा त्यांना एवढा तिटकारा, आणि त्यांच्याच शेऱ्यावर हा माणूस उद्या सकाळी भरलेली बस घेऊन निघाला असता.

आतून मालक आले. सगळं ऐकून त्यांनी खांदे उडवले. "काचा नुसत्या अदलाबदल करून चालणार नाहीत, त्या उलट्या बाजूच्या आकारात कापल्यात. नव्या कापाव्या लागतील, तीन दिवस. तोवर फॉर्म भरून टाका. कोण बघतंय?"

"तेच म्हणतो मी," दादा म्हणाले. "रस्ता मला तोंडपाठ आहे."

"तक्त्यासारखा?" बाई म्हणाल्या.

बाईंना त्या क्षणी मालकांची किळस आली, दादांची आली, आणि पेन धरलेल्या स्वतःच्या बोटांची सगळ्यात जास्त आली. त्यांनी फॉर्मवर 'अयोग्य' लिहिलं. त्याखाली लिहिलं: चालकाची नजर ठीक आहे. चष्मा चुकीचा दिला गेला. मी तो न तपासता सही केली. तीन दिवसांनी फेरतपासणी.

"दुकानाचं नाव खराब होईल," मालक म्हणाले.

"म्हणून तर 'मी' लिहिलंय."

दादांनी फॉर्म वाचायला डोळ्यांजवळ नेला, दूर नेला, आणि शेवटी तसाच खिशात घातला. "तीन दिवस घरी बसून करू काय?" ते कुरकुरले.

"निदान जुना चष्मा लावून करा, जे करायचं ते."

ते गेल्यावर बाईंनी टीव्ही बंद केला. खणात आठवडाभराची बावीस पाकिटं होती, सगळ्यांवर त्यांची सही. त्यांनी पहिल्या पाकिटावरचा फोन नंबर लावला. पलीकडून एक आजोबा आनंदानं म्हणाले, "अहो बाई, तुमचा सिनेमा मस्त होता."

"ते राहू द्या," बाई म्हणाल्या. "चष्मा घेऊन या."