माह्या मोबाईलवर आलेलं स्थळ

हे मी आजपर्यंत कोणाजवळ काढलं नाही. पोराजवळ नाही, बहिणीजवळ नाही. देवापुढं हात जोडते तवाही हे सोडून बाकीचं सगळं बोलते. मंग तुमच्याजवळच काहून? – काय माहीत. तुम्ही माह्या गल्लीतले नाही, एवढंच असन.

पह्यले माहं सांगते. दारव्ह्यात मी शिवणकाम करते. दुकान म्हणता येत नाही. घराच्या समोरच्या खोलीत मशीन आहे, एक कपाट आहे, बसायले दोन खुर्च्या. ब्लाउज, फॉल-पिको, पोरींचे युनिफॉर्म. मालक जाऊन बावीस वर्षं झाली – शेतातून येताना ट्रॅक्टर उलटला. पोरगा तवा चार वर्षांचा होता, आता पुण्याले नोकरीवर आहे. त्यानंच मले मोठा मोबाईल घेऊन देल्ला, अन् त्यावरून सामान कसं मागवायचं, पैसे कसे भरायचे ते शिकवलं. मी लवकर शिकली. मले त्यात डोकं आहे, खोटं कायले सांगू?

मंग बाया येऊ लागल्या. आमच्याकडं बाईच्या हातात मोबाईल असते, पण तिच्या खात्याचे मेसेज जातात नवऱ्याच्या नाहीतर दिराच्या मोबाईलवर. दोनशे रुपयाचं काही घेतलं तरी तिकडं टिंग वाजते – काय घेतलं वं? कायले घेतलं? त्याच्यापेक्षा बाया माह्या हातात नगदी ठेवायच्या. मी माह्या खात्यातून भरायची, पार्सल माह्या नावानं यायचं, अन् ब्लाउजच्या पिशवीत बसून ज्याच्या त्याच्या घरी जायचं. केसाचा रंग, आतले कपडे, हनुवटीवरचे केस काढायची मशीन. एका म्हाताऱ्या बाईचे तर लघवी थांबत नाही म्हणून लावायचे पॅड – तिच्या सुनेलेही माहीत नव्हतं. बिलावर नाव माहं. वरचा एक रुपया कधी घेतला नाही. अन् कोणाचं काय आलं, हे कोणाले सांगतलं नाही. याचा मले लय अभिमान होता. अजूनही आहे – हेच तर वंगाळ आहे.

अर्चना मागच्या गल्लीतली. तिचा नवरा गेला तवा ती एकतीसची होती, पोरगी पहिलीत. घरी सासू, दीर, जाऊ अन् त्याईची पोरं. तिले तिथं कोणी मारत नाही, उपाशी ठेवत नाही, हे मी आधीच सांगून ठेवते. सकाळी पाचले उठून सगळ्याईचं करायचं अन् कोणाच्या मधात बोलायचं नाही, एवढंच. बोलायले गोड पोरगी. मशीनजवळ बसली की दोरे गुंडाळून ठेवायची, सांगावं लागायचं नाही.

दोन वर्षांमागं एका बाजाराच्या दिवशी ती आली अन् बाकीच्या बाया जाईपर्यंत बसून राह्यली. मंग घडी घातलेला कागद काढला. त्यावर एका साइटचं नाव होतं – दुसऱ्या लग्नाची स्थळं असलेली. पाहायले फुकट, पण समोरच्याशी बोलायचं असन तर तीन महिन्याचे पैसे भरावे लागतात. म्हणे, ताई, तुमच्या खात्यातून भरा, नंबरही तुमचाच टाका. माह्या मोबाईलवर काही आलं तर दीर पाह्यते.

आम्ही दोघींनी मिळून भरलं. नाव नुसतं ‘अ’. फोटो नाही. ‘मुलगी आहे, सोबत राहील’ हे वाक्य तिनं मले तीनदा वाचून दाखवायले लावलं. पोरीले टाकून जायची गोष्टच नव्हती, ते आधी दिसलं पाह्यजे म्हणे. खाली बारीक अक्षरात होतं – तुमची माहिती गुप्त राहील. तिनं विचारलं, खरंच गुप्त राह्यते का ताई? म्हटलं, हाव. माहा नंबर आहे ना.

गुप्तच राह्यलं. जिचं होतं तिलेही कळलं नाही, इतकं गुप्त.

थांबा. त्याच्या आधी एक सांगते – कारण म्हणून नाही, फक्त होतं म्हणून. मालक गेल्यावर तिसऱ्या वर्षी माह्या भावानं माह्यासाठी एक स्थळ आणलतं. माणूस बरा होता म्हणे. मी नाही म्हटलं. भ्यायली होती का? असन. पण मंग लोक म्हणू लागले – कशी राह्यली बाई पोराकडं पाहून! लग्नात, बारशात, हळदी-कुंकवाले नाही बोलावलं तरी मागून डबा पाठवताना, जिथं तिथं हेच. बरं वाटे. खरं सांगू? त्या एका वाक्यावर मी कितीक वर्षं काढली. आतून काय वाटते, हे पाहायची गरजच पडली नाही.

आता पुढचं.

पह्यल्या महिन्यात काही नाही आलं. दोन आले ते म्हातारे होते, साठीचे, अर्चनाले वाचून दाखवले तर ती पदरात तोंड घालून हासली. मीही हासली. तवापर्यंत माह्या मनात काहीच नव्हतं, हे तुम्ही मानलं तर माना.

दुसऱ्या महिन्यात एक मेसेज आला. उमरखेडकडचा माणूस, चाळीसचा, पाण्याच्या मोटारीच्या वायंडिंगचं दुकान. बायको आजारानं गेलेली, एक पोरगा. बाकी लोक लिहितात तसं त्यानं रंग, उंची, शेती काही विचारलं नव्हतं. लिहिलं होतं – ‘मुलगी आहे हे वाचलं. ती कितवीत आहे? आमच्या इथली शाळा चांगली आहे. तिला विचारून मगच कळवा, घाई नाही.’

दुपारची वेळ होती. मी एका ब्लाउजचा गळा कापून राह्यलती. कैची ठेवली, मेसेज वाचला, परत वाचला. हा माणूस चांगला आहे, हे मले तवाच समजलं. त्यात काही शंका होती असं मी म्हणू शकत नाही. असती तर आज सोपं गेलं असतं.

चार दिवसांनी बाजार होता. अर्चना आली, भाजीची पिशवी दाराजवळ ठेवली, तोंडानं विचारलं नाही, नुसतं मोबाईलकडं पाह्यलं. म्हटलं, नाही वं. काहीच नाही.

एवढंच. तोंडातून निघून गेलं, असं मी लय दिवस मनाले सांगतलं. पण निघून जाणारं एकदाच निघून जाते ना? पुढच्या बाजाराले तिनं परत पाह्यलं अन् मी परत नाही म्हटलं. त्याच्या पुढच्यालेही. तवा तर मी आधीपासून ठरवून बसलती.

त्या माणसाचे अजून दोन मेसेज आले. एकात त्यानं पोराचा फोटो पाठवला होता, शाळेच्या कपड्यातला. कॉलर बरोबर बसली नव्हती – घरात शिवणारं कोणी नाही, हे मले लगेच दिसलं. मंग एकदा त्याचा फोन आला. मशीन चालू होती. मी पायानं मशीन चालवतच राह्यली अन् फोन वाजून वाजून बंद झाला. त्याच दिवशी मी लिहून पाठवलं – ‘आमचं जमलं आहे. कृपया पुन्हा संपर्क करू नये.’ असं शुद्ध मी कधी लिहीत नाही. एक चूक नव्हती त्यात. त्याचं उत्तर आलं, ‘बरं झालं. मुलीला जपा.’ मी त्याचा नंबर ब्लॉक केला अन् चहा मांडला.

वाईट वाटलं का? तुम्ही विचारानच. नाही वाटलं. हलकंही नाही वाटलं. काहीच नाही. त्या दिवशी मी चार ब्लाउज पुरे केले, एकही उसवावा लागला नाही.

मी काहून केलं, हे मले इतक्या दिवसांत धड सांगता आलं नाही. ती गेली असती तर लोक म्हणाले असते – पाह्य, जाता येते, पोरगी घेऊनही जाता येते. मंग मी जे इतकी वर्षं राह्यली, ते कायचं राह्यली? असं काहीतरी असन. पण हे मी नंतर जुळवलं. नाही म्हणताना माह्या डोक्यात असं काही नव्हतं. तवा फक्त ती दारात उभी होती, तिच्या तोंडावर आस होती, अन् मले ती पाहवली नाही.

तीन महिने संपले. परत पैसे भरू का, मीच विचारलं – बोलायले तर पाह्यजे ना. तिनं पिशवीचा बंद बोटाले गुंडाळला, सोडला. म्हणे, राहू द्या ताई. कोणाले नसन पाह्यजे पोरगीवाली. मी म्हटलं, हाव, लोक तसेच असतात. आम्ही दोघींनी मिळून तिचं नाव त्या साइटवरून काढलं. काढताना त्या माणसाचे मेसेज वरच दिसून राह्यलते, ते तिले दिसू नये म्हणून मी मोबाईल जरा माह्याकडं वळवला. ती दुसरीकडंच पाहून राह्यलती. तिनं पाह्यलं असतं तरी तिले शंका आली नसती. तिले माह्याबद्दल शंका येतच नाही.

आता ती दुपारी माह्याकडं शिवण शिकायले येते. काज-बटन, हेम घालणं तिच्याकडंच आहे. नव्या बाया आल्या की तीच त्याईले सांगते – ताईच्या मोबाईलवरून करा, कोणाले काही कळत नाही. गल्लीत एक म्हातारी परवा तिच्याबद्दल बोलून राह्यलती, कशी राह्यली वं पोरीकडं पाहून, अन् मी मान हलवली. मान हलली ते मले नंतर समजलं. तो नंबर अजून ब्लॉकमध्येच आहे. काढून पाहता येते. त्याचं लग्न झालं असन, नसन. मी काढून पाह्यला नाही.

मागच्या आठवड्यात तिच्या पोरीचा युनिफॉर्म शिवायले घेतला होता. पाऊस नव्हता, गिऱ्हाईक नव्हतं, दोघीच होतो. बोलता बोलता तिनंच काढलं, अन् राग नव्हता बोलण्यात, हासतच म्हणे – ताई, मी काही गेली नसती. सासूले अशी टाकून माह्याच्यानं जाणं झालं नसतं. पण एखाद्यानं पोरीचं नाव विचारलं असतं ना, तरी मले पुरलं असतं.

त्याच खोलीत, त्याच खुर्चीवर. मोबाईल कपड्याखाली कुठंतरी होता. सांगायले एक वाक्य लागत होतं, मोठं नाही. मी सुईत दोरा घालून राह्यलती – आताशा मले जवळचं दिसत नाही, दोरा भलतीकडंच जाते. तिनं माह्या हातातून सुई घेतली, एका दमात ओवली, गाठ मारून परत देल्ली. मी बाही जोडायले घेतली.