शिवेपलीकडून तपासणी

उदाराम वल्द सोमाजी. जात कुणबी. वय अंदाजे बावन्न. राहणार मौजे हिरडीटोला, तहसील गोंदिया, जिल्हा भंडारा. उंची मध्यम, बांधा सडपातळ. ओळखण्याची खूण: डाव्या कानाची पाळी फाटलेली. धंदा शेती. जमीन अडीच एकर, धानाची. अक्षरओळख नाही. गुन्हा नाही. कुटुंबातील एकूण व्यक्ती: एक. जनावरे: म्हैस एक, भाकड. शेरा: काही नाही.

हे वर्णन एका कागदावर सापडायचं नाही. पटवाऱ्याचं दप्तर, १९३५ सालचा जनावरांच्या गणतीचा तक्ता आणि पोलीस ठाण्यातली एक जुनी चौकशी अशा तीन ठिकाणांहून ते गोळा करावं लागतं. चौकशीत उदाराम साक्षीदार होता. त्याने काहीही पाहिलेलं नव्हतं, आणि तसं त्याने सांगितलंही होतं.

भाकड म्हैस ठेवण्याचं कारण विचारायला तक्त्यात रकाना नव्हता. गावाने मात्र विचारून घेतलं होतं. दूध नाही, वेत नाही, चारा मात्र दोन बैलांचा. बाजारात खाटकाने पंधरा रुपये देऊ केले तेव्हा उदाराम म्हणाला, "पाहू." हे पाहणं चार वर्षं चाललं होतं. म्हैस भुऱ्या रंगाची, म्हणून भुरी. त्याची बायको शामकला हिने ती लहानशी वगार म्हणून आणली होती. शामकला तापाने गेली त्याला अकरा वर्षं झाली. मूल नव्हतं. भाऊ बालाघाटकडे गेला तो तिकडचाच झाला. उदाराम संध्याकाळी म्हशीशी बोलतो, असं लोक म्हणत. खरं तर तो फारसं बोलत नसे. तिच्याकडे तोंड करून बसत असे, एवढंच.

घरी बैल नसल्यामुळे नांगराच्या एका दिवसापायी तो दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत दोन दिवस राबत असे. गावाशी त्याचा तेवढा व्यवहार. बाकी गावाला त्याची गरज वर्षातून एकदा लागे, गावबांधणीच्या दिवशी.

रोवणीच्या आधी, आषाढात, ढोरांवर रोगराई येऊ नये म्हणून हिरडीटोला बांधून घेत. गोंदियाकडून येणाऱ्या वाटेवर, शिवेशी दोन खुंट रोवून पळसाच्या सालीचा दोर ताणायचा, त्याला कडुलिंबाचे डहाळे लावायचे. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत दोराबाहेर कोणी जायचं नाही, बाहेरचं माणूस, अवजार, औषध, पाणी काहीही आत यायचं नाही. सारं गाव, तान्ह्या लेकरासकट, बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीवर मातामाय देवीपाशी जमायचं. तिथेच रांधायचं, तिथेच जेवायचं, आणि दिवस मावळेपर्यंत तिथून उठायचं नाही. दोराशी राखणीला एक माणूस लागे. बायको-लेकरं असलेला माणूस मातामायपाशी हवा. म्हणून शामकला गेली त्या सालापासून हे काम उदारामकडे आलं. "तुही वाट पाहनारं घरी कोन आहे?" असं मुकद्दम टिकारामाने तेव्हा सरळ विचारलं होतं. यात वाईट वाटण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलं नाही. उदारामलाही तोंडावर दाखवण्याइतकं वाटलं नाही.

आषाढातल्या एका शनिवारी भुरीने चारा सोडला. तोंडातून लाळेची तार लागली, मान पुढे ताणून ती उभी राहिली, आणि रात्री बसली ती बसलीच. शेजारच्या देवकाबाईने हिंग पाजून पाहिला. निम्मा नाकातून परत आला. रविवारी पोटाची डावी बाजू फुगली.

"डाग दे," देवकाबाई म्हणाली.

"पोटाले?"

"मंग का माह्या पोटाले?"

डाग दिला. भुरीने मान हलवली, तेवढंच. सोमवारी पहाटे उदारामने घरातला पितळेचा गुंड, परात आणि शामकलाचा हंडा एका गोधडीत बांधला आणि डोक्यावर घेतला.

"पानी कायच्यात भरशीन?" देवकाबाईने विचारलं.

"मडक्यात. एका मानसाले पानी लागते कितीक. तू तिच्यापाशी बस, काकू."

"बसतो. पन म्हशीपायी भांडे इकनारा तूच पाह्यला गा म्या. शामकला असती तं..."

"तिचीच म्हैस आहे," उदाराम म्हणाला आणि निघाला.

गोंदिया सहा कोस. बाजारात पितळ तोलून दिलं आणि तो जनावरांच्या दवाखान्यात पोचला तेव्हा दुपार होती. डॉक्टर हातावरचा साबण धूत होते. नागपूरकडचे गृहस्थ, चाळिशीचे, नीटनेटके. जनावरांवर त्यांचा राग नव्हता आणि माणसांवरही विशेष नव्हता.

"जनावर कुठाय?"

"घरी, साहेब. उठत नाई."

डॉक्टरांनी नियम समजावून सांगितला. दवाखान्यात आणलेल्या जनावराला उपचार फुकट. जनावर येऊ शकत नसेल आणि डॉक्टरने जायचं असेल तर फी तीन रुपये आणि छकड्याचं भाडं अडीच, दोन्ही आगाऊ. म्हणजे चालण्याइतपत बरं असलेलं जनावर फुकटात आणखी बरं होत होतं, आणि मरायला टेकलेल्याला साडेपाच रुपये पडत होते. त्या वर्षी दुभती म्हैस तीस रुपयांत मिळे.

"साथ असेल तर गोष्ट वेगळी," डॉक्टर म्हणाले. "मग सरकारी खर्चानं येतो. गावात आणखी किती आजारी आहेत?"

उदारामने विचार केला. पाच म्हणाला असता तरी मोजायला कोणी येणार नव्हतं, आणि डॉक्टरांनी प्रश्न विचारून जरा वेळ वाटही पाहिली. पण अकरा वर्षांत उदारामला एकापुढचे आकडे वापरायची सवय राहिली नव्हती.

"एकच, साहेब."

"मग साथ नाही."

त्याने साडेपाच रुपये मोजून दिले. पितळेचे सहा आले होते. डॉक्टरांनी पावती दिली आणि सांगितलं, "उद्या, मंगळवारी, बारापर्यंत पोचतो. तोवर काही पाजू नकोस."

तो अंधार पडता पडता हिरडीटोल्याला आला, तर शिवेवर खुंट रोवणं चाललेलं. टिकाराम मुकद्दम स्वतः उभा होता.

"बरं झालं आला," टिकाराम म्हणाला. "उद्या बांधनी. पहाटे दोराशी ये."

"बांधनी तं पुढच्या मंगळवारी होती ना!"

"होती. पन तुही म्हैस पडली ना गा. पंच बसले. म्हनलं, रोग गावात शिरून राहिला, आता थांबाचं नाई. तुह्याच म्हशीसाठी हप्ताभर आधी घेऊन राहिलो आमी."

उदारामने सांगितलं की उद्या डॉक्टर येणार आहे, पैसे देऊन झाले आहेत.

टिकाराम वाईट माणूस नव्हता. त्याने पगडी काढून डोकं खाजवलं. "देवीले सांगून झालं, उदाराम. कोंबडे आनले, तांदूर जमा झाला. आता फिरवलं अन् उद्या कोनाचा बैल मेला तं तो कोनाले धरीन? मले नाई धरनार. तुले धरीन."

"खरं आहे."

"साहेबाले म्हनावं, परवा ये."

"परव्यापर्यंत..." उदाराम म्हणाला, आणि वाक्य तिथेच राहिलं. साहेबाला सांगायला परत सहा कोस जायला हवं होतं, आणि पहाटे दोराशी हजर राहायला हवं होतं. भुरीला ओढून शिवेपार न्यायचा विचारही त्याच्या मनात आला. रात्री तिला उठवायला चार माणसं आली, ती दोनदा गुडघ्यावर आली आणि पुन्हा बसली. उठत असती तर ती गोंदियालाच गेली असती.

मंगळवारी, दुपारी बारा म्हटलं होतं तर डॉक्टर सव्वाबाराला आले. छकडा गोंदियाच्या मुन्नालालचा. बैल पोटापर्यंत चिखलाने माखलेले. दोर पाहून मुन्नालालने बैल थांबवले. "लो बाबूजी, गाँव पे तो ताला पड़ा है."

उदारामने हात जोडून सगळं सांगितलं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं. जनावरांना रोग होऊ नये म्हणून जनावरांच्या डॉक्टरला बाहेर ठेवलं जात आहे, हे त्यांनी मनाशी एकदा नीट लावून पाहिलं असावं.

"गावात कोण आहे आत्ता?"

"कोनीच नाई. सारे मातामायपाशी."

"मग मला कोण बघणार आहे? दोर वर धर. नाहीतर डोळे मीट."

"डोरे मिटले तं दोर राहते काय, साहेब?"

उदाराम दोर वर धरू शकला असता. त्याला म्हैस हवी होती, याबद्दल शंका नको. पण अकरा वर्षांत गावाने त्याच्यावर सोपवलेलं हे एकच काम होतं. पाळीवर दीडशे माणसं निर्धास्त जेवत होती ती तो इथे उभा होता म्हणून. आणि हिरडीटोला सोडून त्याला दुसरं गाव नव्हतं. तो दोराला हात लावून उभा राहिला. त्याने दोर उचललाही नाही आणि सोडलाही नाही.

"बरं," डॉक्टर म्हणाले. त्यांनी छत्री उघडली. "तपासतो. लाळ गळते?"

"गळते."

"रवंथ?"

"नाई."

"पाणी पाजलं तर?"

"नाकातून येते."

"पडायच्या आदल्या दिवशी काय खाल्लं?"

उदारामला आठवेना. मग आठवलं. "शाळंमागच्या आंब्याखाली बांधली होती. सडके आंबे पडले होते तेथी."

डॉक्टरांनी छत्री मिटली. "घशात कोय अडकलीय. जा, गळ्याच्या खालून हात फिरव, गाठ लागते का बघ. मी आहे इथं."

तो धावत घरी गेला. गाठ होती, अंड्याएवढी, बोटाखाली टणक. धावत परत आला.

"आहे, साहेब!"

"दहा मिनिटांचं काम आहे," डॉक्टर म्हणाले. दोराच्या पलीकडे उभं राहून एवढंच म्हणता येत होतं. मग त्यांनी मुन्नालालच्या बैलाचा गळा धरून दाखवलं. एकाने जबडा उघडून, जीभ बाहेर ओढून घट्ट धरायची. दुसऱ्याने बाहेरून गाठ वर सरकवत आत हात घालायचा. "दोन माणसं लागतात. एकट्यानं करायला जाऊ नकोस, हात जाईल. आणि संध्याकाळपर्यंत थांबू नकोस. पोट फार फुगलं तर श्वास बंद होईल."

"दोन मानसं," उदाराम म्हणाला.

"बाबूजी, चलो," मुन्नालाल म्हणाला. "नाला चढ़ गया तो रात यहीं काटनी पड़ेगी, और खाना ये लोग देंगे नहीं."

डॉक्टर छकड्यात बसले. फी परत द्यायचा त्यांच्या मनात विचार आला असेल तर तो नियमात बसत नव्हता. छकडा वळला.

उदाराम थोडा वेळ दोराशी थांबला. बोडीच्या पाळीवरून डफाचा आवाज येत होता. शिवेवर उभ्या राहिलेल्या माणसाने दिवस मावळायच्या आत मातामायपाशी जायचं नसतं, गेला तर बांधणी सुटते. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. त्याने मारली नाही. कोण उठलं असतं आणि कोण नसतं, हे त्यानंतर जन्मभर माहीत राहिलं असतं.

मग अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याने दोर राखणीवाचून तसाच सोडला आणि घरी गेला. भुरीच्या दाढांमध्ये जुन्या जुवाची लाकडी खिळी आडवी बसवली, डाव्या हाताने बाहेरून गाठ धरली आणि उजवा हात कोपरापर्यंत आत घातला. बोटाला कोयीचं टोक लागलं. लागलं आणि निसटलं. दुसऱ्यांदाही लागलं. तिसऱ्या वेळी खिळी सुटली आणि जबडा मिटला. हात त्याने बाहेर काढला, कातडी आतच राहिली.

दिवस मावळल्यावर सगळं गाव त्याच्या अंगणात आलं. एवढी माणसं तिथे शामकला गेली त्या दिवसानंतर आली नव्हती. टिकारामाने त्याचा हात पाहिला, मग म्हशीकडे पाहिलं.

"आवाज कायले नाई देला गा?"

"तुमी बसले होते ना."

"अरे, बसलो होतो तं का झालं? उठलो असतो!"

देवकाबाईने उदारामच्या हाताला हळद लावली आणि प्रथमच टोमणा मारला नाही. कोणीतरी म्हणालं की भुरीने गावाची पीडा आपल्या अंगावर घेतली. ते सगळ्यांना पटलं. तिच्यापुढे नारळ फोडला. उदारामलाही प्रसाद दिला. त्याने डाव्या हातात घेतला.

त्या साली हिरडीटोल्यात दुसरं एकही ढोर दगावलं नाही. बांधणी फळली असं गाव मानतं. पुढच्या वर्षी राखणीला उभं राहायचं कोणी सांगितलं नाही, तरी उदाराम आपणहून पहाटे जाऊन उभा राहिला.

जनावरांच्या दवाखान्याच्या दौऱ्याच्या वहीत त्या मंगळवारची नोंद अशी आहे: मौजे हिरडीटोला येथे भेट दिली. म्हैस एक तपासली. निदान: अन्ननलिकेत अडथळा. मालकास योग्य त्या सूचना देण्यात आल्या. फी वसूल.

म्हैस दुपारी तीनच्या सुमाराला मेली.