क्षारपडातली मर्यादवेल

आमच्या मळ्याचा खालचा कोपरा वर्षानुवर्षं पाणी साचून क्षारपड झाला होता. उन्हाळ्यात तिथं मीठ सांडल्यासारखी जमीन पांढरी दिसायची. ऊस सोडाच, गवतही धरत नव्हतं. मी गुहागरच्या समुद्रकाठच्या खाऱ्या वाळूत वाढणाऱ्या मर्यादवेलीचं बी आणलं, तेव्हा धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, त्यो कोपरा तुमचा. काय लावायचं ते लावा."

धाकटी जाऊ माझ्याबरोबर उतरली. बी कसलं, खडाच तो. पहिलं तसंच पेरलं, ते कुजून गेलं. मग जावेनं एकेक बी पाट्यावर घासलं, रात्रभर कोमट पाण्यात ठेवलं. सकाळी बी टम्म फुगलं होतं. पिशव्यांत रोपं करून आम्ही ती वरंब्यावर लावली. दुसऱ्या पावसाळ्यानंतर सगळ्या कोपऱ्यावर जांभळी फुलं पसरली. सकाळी जाऊ चहा घेऊन तिकडंच यायची.

त्या हिवाळ्यात लेकीच्या बाळंतपणासाठी मी कराडला गेले. जावेचा रोज फोन असायचा.

"वेल कशी आहे गं?"

"लय पसरलीया, आक्का. आज एक फूल पांढरट आलंय, सगळ्यांत येगळं."

ते पांढरट फूल मी कौतुकानं लेकीला सांगितलं.

परत आले ती बसमधून उतरून थेट मळ्यात गेले. कोपरा उकरून सपाट केला होता. निचऱ्याच्या पाइपाचं तोंड ओढ्याकडं निघालं होतं. बांधावर वेलीचा ढीग होता, पार वाळलेला. हात लावला तर पानांचा चुरा झाला.

घरी आले, तर जाऊ भाकरी थापत होती.

"कधी उपटली?"

"तुमी गेल्यावर आठ-धा दिसांनी."

"आणि फोनवर सांगत होतीस ते?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "ह्यांनी सांगू नको म्हटलं हुतं. तुमी बाळंतिणीला टाकून आला असता." भाकरी उलटत म्हणाली, "आन् मलाबी तितं ऊसच पायजे हुता, आक्का."

जमीन त्यांचीही होती. दोघं समोर येऊन म्हणाले असते, तर मी भांडले असते, रडले असते, आणि शेवटी गप्प बसले असते. पण ते पांढरट फूल तिनं कुठून आणलं? एवढं सांगायला तिला कोणी सांगितलं नव्हतं.

दोन वर्षांनी तिथं ऊस आला. बरा आला. आमचा स्वयंपाक अजून एकत्रच आहे, बोलणंही होतं. फक्त ती काही सांगायला लागली की मी हातातलं काम थांबवत नाही, आणि संध्याकाळी जाऊन स्वतः बघून येते.