चुंबकबाईंची पिन

बाईंच्या मुंग्या मी ब्लेडनं कापल्या आणि दोष बाईंनी स्वतःवर घेतला. मी गप्प बसलो.

ब्रह्मपुरीला कॉलेजात त्या प्राणिशास्त्र शिकवत, मी त्यांच्या प्रयोगशाळेत सहायक. मुंग्यांच्या अंगात चुंबकाकडे धावणारे बारीक कण असतात, त्यांच्या आधारानं त्या दिशा ओळखत असाव्यात, या एका गोष्टीनं बाईंना झपाटलं होतं. पोरं त्यांना चुंबकबाई म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. कुणी वर्गात उशिरा आला की म्हणत, "ये, ओढल्या गेला का शेवटी?"

प्रयोगशाळेच्या दारात त्या साडीच्या, बांगडीतल्या सगळ्या पिना काढून वाटीत टाकत. "आपल्या मातीतच लोखंड हाय. वरून आपलं कायले मिसळाचं?" मुंग्या कापायच्या त्याही काचेच्या धारेनं.

त्या दिवशी आलापल्लीहून आणलेल्या लाल मुंग्या कापताना काच माझ्या बोटात घुसली. अहेरीची बस गाठायची होती. बेडूक कापायचं ब्लेड समोरच होतं.

चुंबकापाशी भरपूर कण जमले. बाईंनी स्टाफला पेढे वाटले. मग नागपूरहून तपासून आलं : हे मुंग्यांचं नाही, पोलाद आहे.

"माहीच एखादी पिन राह्यली असन," बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या.

तेव्हापासून त्यांनी पिन लावणंच सोडलं. एका हातानं फळ्यावर लिहायचं, दुसऱ्यानं पदर धरायचा. पुढं नव्या मुंग्यांत कण सापडलेही. थोडेच, पण मुंग्यांचेच. तरी पदरावरचा हात सुटला नाही. तो दिसला की मी खाली बघायचो.

परवा त्यांच्या घरी गेलो. केस पांढरे झालेत. चहाचा ट्रे एका हातावर डुगडुगत होता, दुसरा हात पदरावर. मला राहवलं नाही.

"बाई, पिन नव्हती. मी ब्लेडनं कापलं होतं."

त्यांनी ट्रे खाली ठेवला. "तवा काऊन नाई सांगितलं?"

"भ्यालो होतो."

त्यांनी स्वतःच्या पदरावरच्या हाताकडं पाहिलं. मग एकदम हसू फुटलं. "म्हणजे मी इतके वर्स पदर धरून फिरून राह्यली, अन् तू पाहून राह्यला? गधा कुठचा!"

आत जाऊन त्यांनी पिन शोधून आणली, खांद्यावर पदराला टोचली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढं कप धरला.

"चुकलो, बाई. माफ करा."

"केलं. चहा पी आता, थंडा होऊन राह्यला."