सरळ नाकाची सवत

महाडच्या शाळेत मी तीस वर्षं चित्रकला शिकवली आणि जन्मभर एकच नाक काढलं. मुंबईत शिकताना आम्हाला वर्षभर ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या नकलांसमोर बसवत. कपाळापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत एकच सरळ रेघ. ती हातात अशी भिनली की निघता निघेना.

बायको पोलादपूरच्या वरच्या वाडीतली. लहानपणी झाडावरून पडल्यामुळे तिच्या नाकाला मधोमध उंचवटा होता. रविवारी मी तिला खिडकीशी बसवायचो. उंचवटा कागदावर आला की खोडरबर घ्यायचो. का, तर म्हणे प्रमाणात बसत नाही! ती चित्र बघून हसायची. "ही मी नाय. ही माझी सवत हाय. बरी पोसलीत घरात!" मी चिडायचो. तुला कला काय कळते, असंही म्हणालोय. आता लाज वाटते.

ती गेली. पुढच्या पुरात सगळे अल्बम चिखलात गेले, तिचा मोबाइलही गेला. आधारकार्डावरचा फोटो बाईचा की बुवाचा तेही कळत नाही. माळ्यावरची चित्रं तेवढी वाचली. म्हटलं, चला, चेहरा तरी राहिला. गठ्ठा सोडला, तर एकेक सवत बाहेर यायला लागली. उंचवटा आठवायला डोळे मिटले, तर तोही नीट आठवेना. इतकी वर्षं समोर बसवून! घर अगदी खायला उठलं.

शेवटी तिच्या धाकट्या बहिणीला बोलावलं. ती एकेक कागद बाजूला ठेवत गेली. "भावजी, ह्यात आमची ताय नाय वो." आणि मग एकदम, "अगो बाय! हीच ती!"

ते चित्र पाठमोरं होतं. गॅसपाशी उभी, अंबाडा सैल, सगळा भार एका पायावर. असं उभं राहणं ग्रीकांनी शोधलं, असं मी वर्गात ठासून सांगायचो. घरात ती रोज तशीच उभी असायची.

ते चित्र आता भिंतीवर लावलंय. त्या दिवशी दूध उतू जाईल म्हणून ती बैठक मोडून उठली होती. गॅस बंद करून माझ्याकडे वळणारच होती.

"वळू नको, पाठ छान येतेय," असं मीच ओरडलो होतो.