कणगी जुळेना

रत्नमालाच्या लॅपटॉपवर सगळं मराठीत दिसतं. ‘जतन करा’, ‘रद्द करा’, तारखा मराठी, आकडेसुद्धा मराठी. मैत्रीण सुलेखा विचारायची, “हा काय तहसील कचेरीतून उचलून आणलाय का गं?” रत्नमाला हसण्यावारी न्यायची. भाषेचा अभिमान वगैरे काही भानगड नव्हती. मेंढरं विकून मुकुंदवाडीला लेकीकडं राहायला आलेले तिचे वडील केरबा जेमतेम चौथी शिकलेले. लेक कामाला बसली की शेजारी खुर्ची ओढायची आणि पडद्यावर दिसेल ते मोठ्यानं वाचायचं, ही त्यांची हौस. बापाच्या हौसेसाठी लेकीनं यंत्राची भाषा बदलली, एवढंच.

आठवडाभर ती शेंद्र्याच्या एका कारखान्यात संगणक सांभाळते. रविवार मात्र तिचा. त्या दिवशी ती जे करते त्याला पगार नाही आणि शेजारणीला चटकन सांगता येईल असं नावही नाही. आभासी चलन ठेवायला मोबाइलवर पाकिटं असतात, म्हणजे ॲपच. प्रामाणिक पाकीटवाले आपला कोड जगापुढं उघडा ठेवतात, की बघा बाबांनो, आमच्या पोटात पाप नाही. पण तो कोड आणि आपल्या मोबाइलवर उतरणारं ॲप एकच, हे कशावरून? खायचे दात वेगळे नि दाखवायचे वेगळे असले तर? म्हणून रत्नमाला तो उघडा कोड घेते, आपल्या लॅपटॉपवर त्याचं ॲप स्वतः बांधते, ॲपच्या दुकानातलं तयार ॲपही उतरवून घेते आणि दोन्ही शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघते. मग जाहीर करते, जुळलं किंवा नाही जुळलं. तिच्या या शब्दावर लांबलांबची माणसं पाकीट ठेवतात नाहीतर काढून टाकतात.

जुळतं तेव्हा तिला दर वेळी नव्यानं नवल वाटतं. एकाच पिठाच्या, एकाच तव्यावरच्या दोन भाकरी कधी सारख्या होत नाहीत. इथं तर कुठल्या मुलखातला कोण माणूस, त्याचं यंत्र वेगळं, हवा वेगळी, आणि मुकुंदवाडीच्या दहा बाय दहाच्या खोलीत बांधलेली वस्तू त्याच्या वस्तूशी शेवटच्या टिंबापर्यंत एक! देव्हाऱ्यापुढं जोडावेत तसे हात जोडावेसे वाटतात तिला, आणि एकदोनदा तिनं ते जोडलेही आहेत.

‘कणगी’ नावाचं पाकीट सिल्लोडच्या सुदर्शनचं. एका मित्राला हाताशी धरून त्यानं ते उभं केलेलं. आपल्या जिल्ह्यातला पोरगा म्हणून रत्नमालाला कौतुक होतं, आणि म्हणूनच ती त्याला जरा जास्तच कडक तपासायची. आजवर प्रत्येक आवृत्ती जुळली होती. या रविवारी नवी आवृत्ती आली आणि जुळेना.

तिनं पुन्हा बांधली, तरी तेच. तिनं सुदर्शनला फोन लावला.

“ताई, आईशप्पथ, काय बी घातलं नाय त्यात.”

“शपथा नको मला. दोन्हीत फरक का येतोय ते सांग.”

“माझ्याकडं जुळतंय ओ.”

“माझ्याकडं जुळत नाय. संध्याकाळी निकाल टाकणार मी.”

“बघतो,” म्हणून त्यानं घाईनं फोन ठेवला. चोर सापडला की असाच पळ काढतो, असं तिच्या मनात आलं. रागही आला, कारण कौतुक केलेला माणूस खोटा निघाला की राग दुप्पट येतो. ती लिहायला बसली.

केरबांनी खुर्ची ओढली आणि वाचू लागले. “कणगी जुळत नाही. दुकानातल्या ॲपमधी… गुपचूप काहीतरी घातलं आहे. कोणी वापरू नये.” मग लेकीकडं बघून म्हणाले, “कोन हाय ह्यो?”

“हाय सिल्लोडचा एक.”

“चोर हाय?”

“तसंच दिसतंय, आबा.”

“मग दाव की मला. काय घातलं त्यानं?”

म्हाताऱ्याला फक्त वाचायला काहीतरी हवं होतं. वाद कशाला, म्हणून तिनं फरकाची जागा पडद्यावर काढली. लाखो अक्षरांच्या त्या पसाऱ्यात फरक एवढासाच होता, यंत्राच्या सांकेतिक आकड्यांचे चारदोन परके झुबके. इतका वेळ ते दुकानातल्या ॲपमध्ये आहेत असं ती धरून चालली होती. नीट बघितलं तर ते तिच्या स्वतःच्या बांधणीत होते. दुकानातलं स्वच्छ होतं.

तिनं त्या झुबक्यांचं अक्षरांत रूपांतर केलं.

“चार टिंब बारा,” केरबांनी मोठ्यानं वाचलं. “हे तर आपल्यातलंच हाय की!”

पडद्यावर ‘४.१२’ होतं.

रत्नमालानं सुदर्शनचा कोड पुन्हा उघडून बघितला. नव्या आवृत्तीत सुदर्शननं एक सोय केली होती, की ॲप बांधताना आवृत्तीचा आकडा यंत्रानं स्वतः लिहावा. कुठल्या लिपीत लिहावा, हे सांगायचं त्याला सुचलंच नव्हतं. जगभरची यंत्रं इंग्रजी आकडा लिहीत होती. तिच्या गुणी यंत्रानं मालकिणीचा शब्द पाळून मराठी आकडा लिहिला होता. काखेत कळसा म्हणतात तो हा! चोर म्हणून जे पकडलं होतं ते बापासाठी ठेवलेलं मराठी निघालं. आणि हिशोब इतका चोख, की त्या अफाट पसाऱ्यात एका चिमुकल्या आकड्याची लिपी बदललेलीही त्यानं खपवून घेतली नव्हती. ती कितीतरी वेळ नुसती बघत राहिली.

मग तिनं बांधणीपुरती भाषा इंग्रजी केली आणि परत बांधलं. दुकानातल्या ॲपशी तंतोतंत जुळलं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत.

“जुळलं, आबा.”

“मग ते चोर लिवलेलं?”

“अजून पाठवलं नव्हतं.” तिनं ते खोडलं. पाठवलं असतं तर सिल्लोडच्या त्या पोराची कणगी आजच बुडाली असती, आणि नंतरची माफी कोणी वाचलीही नसती.

तिनं फोन लावला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत सुदर्शननं उचलला.

“जुळलं, सुदर्शन. चूक माझ्या यंत्राची. थोडी तुझीबी.” तिनं त्याला सगळं सांगितलं.

मग तो म्हणाला,

“ताई, तुमचा फोन ठेवल्यापसनं मी माझाच कोड वाचीत बसलोय. तुम्ही म्हणताय म्हंजी आपण काहीतरी घातलंच असंल, असं वाटाया लागलं होतं मला. कुठं घातलं, तेच हुडकत होतो.”